बिनगाठीचा दोरा

ऐली काउप्पीची सुरी आजवर एकदाच परक्या हातात गेली. तो हात आमच्या प्रोफेसर नॉर्डबींचा. १९६३ साली त्यांनी त्या सुरीने वेलदोड्याचा पाव कापला. त्यानंतर ऐली अकरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. गंमत म्हणजे ती बोलत नाहीये हे प्रोफेसरांच्या ध्यानात यायलाच नऊ दिवस लागले, कारण एरवी तरी ती कुठे बोलायची!

हे मला खुद्द प्रोफेसरांनी सांगितलं, पोट धरधरून हसत. ऐली तिथेच बसून सुरीला धार लावत होती. मान वर न करता तिने एवढंच म्हटलं, "बारा दिवस."

मी तेव्हा तिथे नवा होतो. आमची लोखंडाची खाण बंद पडली तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली. शिक्षण आठवीपर्यंत, तेही एका खोलीच्या गावशाळेत, जिथे सगळी हुशारी शेगडीजवळची जागा पटकावण्यात खर्च व्हायची. सरोवरकाठच्या डुलुथ गावच्या विद्यापीठात उंदीरघर सांभाळायला माणूस हवाय असं कळलं आणि मी अर्ज टाकला. बायको म्हणाली, "तीस वर्षं बिळात काढलीस, आता बिळातल्यांना जेवायला घाल." घातलं. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, संध्याकाळी नर-मादीच्या जोड्या लावायच्या आणि सकाळी उठून कोणाची जोडी जमली ते पाहायचं. जमली असली की मादीपाशी मेणाच्या बुचासारखी एक खूण सापडते. ती सापडली की पिंजऱ्यावर कार्ड लावायचं. एवढ्या लग्नांचा साक्षीदार आमच्या अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल, पाद्रीसुद्धा नाही.

माझ्या खोलीवरच्या मजल्यावर ऐली. तिचं काम मेंदू कापायचं. उंदराचा मेंदू केवढा, तर पावट्याएवढा. तो मेणात बसवायचा, यंत्रात धरायचा आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या काढायच्या. एकीला एक चिकटून त्यांची फीत निघते. त्या वेळी ऐली श्वास रोखून धरायची आणि बाकीच्यांनीही रोखावा अशी तिची अपेक्षा असायची. तिच्या टेबलाशी शिंकणारा माणूस पुन्हा त्या टेबलाशी दिसत नसे. सुरी वितीपेक्षा लांब, पाठीला जाड, आणि घरी जाताना ती लोकरी मोज्यात घालून पर्समध्ये. मी म्हटलं, "अगं, वाटेत कोणी पर्स हिसकावली तर?"

"तर त्याला वाईट वाटेल," ऐली म्हणाली.

एकदा मी धीर करून विचारलं, की एवढं पातळ कापून शेवटी बघता काय? तिने मला खुर्चीत बसवलं, सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला.

"काय दिसतं?"

"शेवाळ."

"नीट बघ, अर्वो. काळं काय दिसतं?"

"कोणाची तरी मिरपूड सांडलीय."

"ती मिरपूड म्हणजे पेशी. सगळ्या एकाच दिवशी जन्मलेल्या."

मग तिने सांगितलं, आणि तिच्या मानाने ते भाषणच झालं. पिल्लू आईच्या पोटात असताना त्याच्या मेंदूच्या पेशी जन्मतात अगदी आतल्या भिंतीशी. तिथे पाण्याचं लहानसं डबकं असतं. पण जन्मल्या जागी राहायचं नाही, तिथून निघून वर सालीकडे जायचं. जायला दोर असतात, आतल्या भिंतीपासून बाहेरच्या सालीपर्यंत ताणलेले. पेशी दोराला बिलगते आणि सरकत सरकत चढते.

"आमच्या खाणीतल्या शिडीसारखं," मी म्हटलं.

"तसंच. फक्त तुम्ही भोंगा झाला की घरी पळायचात. या पळत नाहीत."

"म्हणजे आधी निघालेल्या वर जाऊन बसतात, मागाहूनच्या खाली."

"उलट. आधीच्या खालच्या मजल्यावर बसतात. मागाहूनच्या त्यांच्यातून वाट काढत त्यांच्या डोक्यावरून वर जातात. सगळ्यात शेवटची ती सगळ्यात वर."

मला हे काही पटेना. ती म्हणाली, "आमच्या घरी आम्ही नऊ भावंडं. थोरले दोघे शेगडीशी जमिनीवर झोपायचे. मधले फळ्यांवर. मी शेंडेफळ, माळ्यावर. रोज आठ जणांना तुडवत वर जायची. सगळ्यांनी शिव्या दिल्या, पण ऊब वरच जास्त होती."

जे समजून घ्यायला प्रोफेसर नॉर्डबींनी अर्धं आयुष्य घातलं, ते या बाईला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ते असं.

मग तिने काचपट्टी जराशी सरकवली. "हा बघ एक. निम्म्या वाटेत बसलाय. वर पोचलाच नाही."

"का?"

"दोर सुटला असेल. किंवा कॉफी प्यायला थांबला असेल. हा तू."

त्या दिवसापासून वाटेत अडकलेल्या पेशींना त्या मजल्यावर 'अर्वो' म्हणायला लागले. जिन्यात गाठ पडली की ऐली गंभीर चेहऱ्याने सांगायची, "आज तीन अर्वो सापडले."

आता जी भानगड झाली ती कळायची तर ऐलीच्या पेट्या कळल्या पाहिजेत. कोणत्या दिवशीच्या पेशी कुठल्या मजल्यावर गेल्या हे शोधायला गाभण मादीला ठरल्या दिवशी एक औषध टोचतात. त्यात किंचित किरणं असतात. त्या दिवशी जन्मणाऱ्या पेशींना ते जन्मखुणेसारखं लागतं आणि जन्मभर राहतं. पिल्लू मोठं झालं की ऐली त्याचा मेंदू कापायची, चकत्या काचपट्ट्यांवर बसवायची आणि फोटोच्या फिल्मवर असतो तसल्या लेपात बुडवायची. हे सगळं मिट्ट काळोखाच्या खोलीत, कारण उजेडाचा कण आला तरी लेप फुकट. मग पट्ट्या काळ्या पेट्यांत बंद करून सहा आठवडे फ्रिजमध्ये. सहा आठवड्यांनी धुतल्या की खूण लागलेल्या पेशींवर काळे दाणे उठतात. तीच माझी मिरपूड.

काळोखात कुठली पेटी कुठल्या दिवसाची हे कळणार कसं? बाकीचे लोक चिठ्ठ्या लावतात आणि उजेडात आल्यावर भांडतात. ऐली प्रत्येक पेटीला निळ्या लोकरीचा दोरा बांधायची. दहा मनात धरायचे, पुढच्या प्रत्येक दिवसाला एक गाठ. बाराव्या दिवसाच्या दोऱ्याला दोन गाठी, तेराव्याच्या तीन, चौदाव्याच्या चार. बोटांनी चाचपलं की कळलं. सव्वीस वर्षांत तिची एकही पेटी इकडची तिकडे झाली नव्हती. तिला ना नवरा, ना मूलबाळ, ना चर्चच्या वाद्यवृंदात जागा. त्या गाठी मात्र होत्या, आणि त्यांच्याविषयी ती कधीच बोलायची नाही. त्यावरून ओळखायचं की त्या तिला किती प्रिय होत्या.

१९८४च्या शरदात, हरणांच्या शिकारीला सगळं गाव ओस पडलं होतं तेव्हा, पूर्व किनाऱ्यावरून डॉक्टर प्रिसिला लॅथ्रॉप आल्या. वय तिशीच्या आत, डोकं भलतंच तल्लख, आणि पायात असे बूट की पहिल्या बर्फात आमच्या उतारावरून त्या बसल्या बसल्या थेट सरोवराच्या दिशेने निघाल्या होत्या. टपालवाल्याने अडवलं. त्यांनी सोबत दोन गोष्टी आणल्या होत्या. एक म्हणजे त्यांच्या आधीच्या प्रयोगशाळेत काढलेला मेंदूचा मोठा तक्ता, कुठल्या दिवशीच्या पेशी कुठल्या मजल्यावर ते दाखवणारा. दुसरी म्हणजे पातळ पात्यांचा डबा. एकदा वापरायची आणि फेकायची.

ऐलीने एक पातं दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं. मग त्या पात्याने टेबलावर सांडलेलं मेण खरवडलं.

"छान आहे," ती म्हणाली. "मेणाला."

बाईंचं काम असं, की त्यांच्या तक्त्यातली गोष्ट आमच्या उंदरांत पुन्हा करून दाखवायची आणि मग पुढची पायरी गाठायची. आमच्याकडे तोवर सगळं काम आपल्या आपल्यात झालेलं, बाहेरच्या तक्त्याशी ते कोणी ताडून पाहिलं नव्हतं. बाई खाली यायच्या, म्हणायच्या, "अर्वोकाका, बाराव्या दिवसाची द्या." मी कार्ड बघून पिंजरा काढून द्यायचो. त्या टोचायच्या. मग तेराव्या दिवसाची, चौदाव्या, पंधराव्या. पिल्लं झाली, वाढली, वर गेली. ऐलीने कापली, बुडवली, गाठी मारल्या, फ्रिजमध्ये ठेवली.

मार्चमध्ये पेट्या उघडल्या. सरोवरावर अजून बर्फ होता. मी उंदरांचं खाणं वर पोचवायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होतो. बाईंनी पहिली पट्टी लावली, तक्त्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे. दुसरी लावली. मानेवर लाली चढत गेली.

"हे एक मजला वर आहेत," त्या म्हणाल्या. "सगळेच्या सगळे. बाराव्याच्या पेटीत तेराव्याचं चित्र. तेराव्याच्या पेटीत चौदाव्याचं."

प्रोफेसर चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसायला लागले की समजायचं, आता ते काहीतरी मऊ शब्दांत वाईट बोलणार. "ऐली, असं तर झालं नसेल ना, म्हणजे मी आपलं विचारतो, काळोखात गाठी मोजताना एखादी कमी..."

ऐली हात पुसत होती, पुसतच राहिली.

लॅथ्रॉपबाई भल्या होत्या, पण तरुण होत्या. त्या म्हणाल्या, "ऐलीबाई, मी तुम्हाला दोष देत नाही. पण लोकरीच्या गाठींवर माझं सगळं वर्ष टांगलेलं असणं बरोबर नाही. पुढच्या वेळी मी माझ्या पद्धतीने चिठ्ठ्या लावीन."

"पुढच्या वेळी मी नसेन," ऐली म्हणाली. "प्रोफेसर, तू शोध. शुक्रवारपर्यंत. चूक माझ्या गाठीची असेल तर शुक्रवारी सुरी घेऊन मी घरी."

"अगं, कोण तुला घरी जा म्हणतंय!"

"मी म्हणतेय."

आम्हा फिनिश लोकांची हीच तर खोड. बोलत नाहीत, बोलत नाहीत, आणि बोलले की ते दगडात कोरलेलं. प्रोफेसर नॉर्वेचे. त्यांच्याकडे म्हणे शब्द मागे घेता येतो. त्यांनी तीन दिवस नोंदवह्या उपसल्या. सगळ्या वह्यांत, कार्डांत, पेट्यांवर एकच आकडे. बारा म्हणजे बारा. म्हणजे उरली ती काळोखाची खोली, आणि तिथे साक्षीदार ऐलीची दहा बोटं.

बुधवारी मी कॉफीच्या वेळी तिच्याकडे गेलो. ती खडीसाखर दातात धरून बशीतून कॉफी पीत होती. सुरीला धार लावायचा चामडी पट्टा गुंडाळून ठेवलेला दिसला.

"अगं, सांग की त्यांना, की तू चुकली नाहीस."

"मी का सांगू? गाठी सांगतात."

"गाठींना तोंड असतं का?"

"तुझ्यापेक्षा बरं आहे त्यांचं." तिने बशी खाली ठेवली. "एक सांग. मी गाठी चुकले असं धर. मग तिचं बाराव्या दिवसाचं चित्र कुठल्या तरी पेटीत हवं ना? चारही पेट्यांत ते नाही. सगळ्यात तळचा मजलाच गायब आहे. तो मी खाल्ला?"

"मग हेच त्यांना सांग!"

"त्यांनी विचारलं नाही."

मी खाली आलो. तळचा मजला कुठे गेला, तळचा मजला कुठे गेला, असं घोकत पिंजरे धुतले. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. माझ्या स्वतःच्या मेंदूत सगळे वाटेतच बसलेले असणार.

गुरुवारी सकाळी साडेसहाला लॅथ्रॉपबाई उंदीरघरात हजर. डोळे सुजलेले, पायात मात्र आता चांगले जाड बूट. म्हणाल्या, "अर्वोकाका, मी पहिल्यापासून सुरू करते. आज जिची खूण सापडेल ती मला स्वतः दाखवा. यावेळी कार्डसुद्धा मी लिहीन."

"या की," मी म्हटलं. तिसऱ्या पिंजऱ्यातली शेपटीला धरून उचलली, उजेडात पाहिलं. "ही बघा. जमलंय. काल नवरा अगदी साधाभोळा वाटला होता."

बाई हसल्या नाहीत. खिशातून पेन्सिल काढली, कार्ड घेतलं, तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, दिवस एक.

मी म्हटलं, "एक नाही, बाई. शून्य."

"शून्य काय?"

"आज शून्यावा दिवस. उद्या एक."

"दिवस शून्य कसा असेल, काका? दिवस उजाडलाय, तुम्ही आणि मी इथे उभे आहोत, ही उंदरीण इथे आहे. हा पहिला दिवस!"

"आमच्याकडे तिला आज काहीच झालेलं नाही. उद्या एक दिवस पुरा होईल, मग एक. प्रोफेसर आल्यापासून हेच."

"आमच्याकडे खूण सापडली तो दिवस पहिला. नेहमीच."

उंदरीण माझ्या हाताला लोंबकळत आळीपाळीने दोघांकडे बघत होती. मग बाईंच्या हातातली पेन्सिल भुशात पडली.

"म्हणजे तुमची बारावी..."

"तुमची तेरावी," मी म्हटलं. आणि तळचा मजला कुठे गेला ते मला कळलं. तो कोणी खाल्ला नव्हता. त्या दिवशी आम्ही कोणाला टोचलंच नव्हतं. प्रत्येक टोचणी बाईंच्या हिशेबापेक्षा एक दिवस उशिरा, म्हणून प्रत्येक पेशी एक मजला वर. गाठी चोख, पेट्या चोख. मला असं हसू फुटलं की दाण्याच्या पोत्यावर बसावं लागलं. खाली बसल्यावर मात्र आठवलं, की चार महिने कार्डं मीच देत होतो, आणि एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, तुमच्याकडे मोजतात कसं. म्हणजे अर्धी चूक माझीच. हसू तिथेच विरलं.

दोन्ही रीती जगात चालतात, हे प्रोफेसरांनी नंतर कपाळावर हात मारत सांगितलं. त्यांना ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं. पण आपल्या घरची रीत ही रीत आहे असं कोणाला वाटतं का? ते आपलं दिवस उगवण्यासारखं वाटतं.

बाई दोन दोन पायऱ्या चढत वर गेल्या. मी मागून, गुडघे सांभाळत. ऐली लवकर येऊन टेबल पुसत होती. तिची पर्स उघडी होती आणि सुरी मोज्यात गेलेली होती. गुरुवारीच! दिलेल्या मुदतीच्याही आधी निघायची तयारी. एवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी माझ्या आईला पाहिलेलं आहे.

"ऐलीबाई," लॅथ्रॉपबाई धापा टाकत म्हणाल्या, "गाठी बरोबर आहेत. मी चुकले. मी दिवस एकापासून मोजते, तुम्ही शून्यापासून."

ऐलीने फडकं खाली ठेवलं. "तळचा मजला?"

"टोचलाच नाही कोणी. मला तो हरवलेला दिसायला हवा होता. मी तुमच्या गाठींकडे बघत बसले."

"कार्डं माझी होती," मी दारातून म्हटलं. "मीही विचारलं नाही."

"तू कधीच विचारत नाहीस," ऐली म्हणाली. "तू सांगतोस."

बाई उभ्याच. "मला माफ करा. सगळ्यांसमोर बोलले होते, तर सगळ्यांसमोरच माफी मागीन."

हे म्हणजे ऐलीला सुळावर देण्यासारखं. सगळ्यांसमोर कोणी आपल्याशी चांगलं बोलणार या कल्पनेनेच तिचे कान लाल झाले. "नको, नको," ती घाईघाईने म्हणाली. "त्यापेक्षा कॉफी घ्या."

तिने तीन कप मांडले. मग पावाची पिशवी काढली, इकडेतिकडे पाहिलं. पाव कापायला काही नव्हतं. आम्ही तिघांनीही पर्सकडे पाहिलं.

"मुळीच नाही," ऐली म्हणाली. तिने लॅथ्रॉपबाईंच्या डब्यातलं एक पातं उचललं, धुतलं आणि त्याने पाव कापला. "हं. पावालाही चालतं."

इतक्यात प्रोफेसर आले, त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, आणि विचारलं, "मग शुक्रवारचं काय?"

"शुक्रवारी पेट्या भरायच्या आहेत," ऐली म्हणाली. "या बाईला काळोखात गाठी मारायला शिकवायचंय. चिठ्ठ्या लावणार म्हणते."

त्याच दिवशी उंदीरघराच्या दारावर, खिळ्याला, तिने निळ्या लोकरीचा एक दोरा टांगला. त्याला एकही गाठ नव्हती. नवीन माणूस आला की विचारायचा, हे काय? मी सांगायचो, हा आजचा दिवस, गाठ उद्यापासून. आणि पुढे ही सगळी गोष्ट सांगायचो, म्हणून नवीन माणसं मला टाळायला लागली.

ऐली त्यानंतर आणखी सात वर्षं कापत राहिली. शेवटच्या वर्षी लॅथ्रॉपबाई बाळंतपणाला आईकडे पूर्वेला गेल्या होत्या. एक दिवस त्यांचं पाकीट आलं. ऐलीने ते सुरीने नव्हे, बोटाने फाडलं. आत चिठ्ठी नाही, काही नाही. फक्त निळ्या लोकरीचा दोरा, बिनगाठीचा.

ऐलीने तो बराच वेळ तळहातावर धरला. मग म्हणाली, "मुलगा की मुलगी, एवढं लिहायचं राहिलं. ही पूर्वेकडची माणसं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही निमित्ताने वर गेलो, तर दोरा तिच्या दिव्याला बांधलेला, आणि त्याला एक गाठ. बारीक, घट्ट, तिच्या हातची. टपालाला यायला चार दिवस लागले होते, म्हणजे तिथे तेव्हा पाच गाठी हव्या होत्या. सव्वीस आणि सात, तेहतीस वर्षांत ऐली काउप्पीची मोजणीतली ती एकच चूक, आणि ती मी तिला अजूनही सांगितलेली नाही.